नात्यातलं मूल सांभाळताय? दत्तक आणि पालकत्वाचे कागद कसे करायचे : सोलापूरकरांसाठी

आमची लेक घरी आली तेव्हा गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. ती तीन वर्षांची होती. धाकटी बहीण महिन्यापूर्वीच गेली होती. तिचे यजमान पोरीला घेऊन आले आणि म्हणाले, "अक्का, मला एकट्याला जमंना. तुमच्याकडं राहू दे." मी तिला आत घेतलं, दूध दिलं, संपलं. कागद करायचा असतो हे त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

पुढच्या अकरा वर्षांत कधी अडलं नाही. शाळेत घालताना माझ्या मिस्टरांचं नाव वडील म्हणून लिहिलं गेलं, कुणी काही विचारलं नाही. नववीत दहावीच्या फॉर्मसाठी नावं तपासायला जन्मदाखला मागितला तेव्हा तो घेऊन गेले. दाखल्यावर एक वडील, शाळेच्या रजिस्टरला दुसरे. त्या दिवशी वकीलबाईंकडे गेले तर त्यांनी पहिल्यांदा तिची जन्मतारीख विचारली आणि म्हणाल्या, "सात महिने आहेत तुमच्याकडे. पंधरा पूर्ण झाली की दत्तकाचा हा रस्ता बंद."

हे आधी कुणी सांगितलं असतं तर, असं तेव्हा सारखं वाटायचं. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी भावाचं, बहिणीचं, नणंदेचं लेकरू असंच "राहू दे तुमच्याकडं" म्हणून आलेलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

१. आधी पाच गोष्टी वहीत लिहून काढा

वकिलाकडे जाण्याआधी हे करा. तुमचा रस्ता कोणता ते याच पाच उत्तरांवर ठरतं.

मुलाची जन्मतारीख काय आणि आज वय किती. मुलाचे आई-वडील दोघं हयात आहेत, एक आहे, की कुणीच नाही. तुम्हाला स्वतःला मुलगा आहे का, मुलगी आहे का, नातू-नात आहे का. तुमचा आणि मुलाचा धर्म कोणता. मुलाच्या नावावर जमीन, घर, विम्याचे किंवा पीएफचे पैसे आहेत का.

नात्याचा नेमका शब्दही लिहा. "आमच्या नात्यातलं" एवढ्यावर भागत नाही. सख्खी मावशी आणि चुलत मावशी यात कायदा फरक करतो.

२. तीन रस्ते आहेत, त्यातला तुमचा ओळखा

इथे घाई करू नका. मी ज्यांना ज्यांना भेटले त्यातल्या बहुतेकांची चूक इथेच झाली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून कागद केला आणि तो त्यांच्यासाठी नव्हताच.

पहिला रस्ता : हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, त्यांनी हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावं. या रस्त्याने बहुतेक वेळा कोर्टात जावं लागत नाही, दत्तकविधी आणि नोंदणी केलेलं दत्तकपत्र पुरतं. पण अटी कडक आहेत. मूल पंधरा वर्षांखालचं हवं आणि अविवाहित हवं (समाजात वेगळी रूढी असेल तर अपवाद आहे, पण ती रूढी तुम्हाला सिद्ध करावी लागते). मुलगा दत्तक घ्यायचा तर तुम्हाला हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचा मुलगा नसावा. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुष मुलगी घेत असेल किंवा बाई मुलगा घेत असेल, तर दोघांत किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. लग्न झालेल्या माणसाला जोडीदाराची संमती लागते.

आम्हाला एक मुलगा आहे, मुलगी नव्हती. म्हणून भाची घेता आली. हीच जर बहिणीची मुलगी नसून मुलगा असता, तर हा रस्ता आम्हाला मिळाला नसता.

आई-वडील दोघंही नसतील तर? तेव्हा मूल देणार कोण, हा प्रश्न येतो. आजोबांनी किंवा काकांनी सही करून चालत नाही. अशा वेळी मुलाचा पालक कोर्टाची आधी परवानगी घेऊन मूल दत्तक देऊ शकतो, आणि तो स्वतःही ते मूल घेऊ शकतो. परवानगी आधी घ्यायची असते, दत्तकपत्र करून मग मागायची नसते.

दुसरा रस्ता : बाल न्याय कायदा, २०१५. याला धर्माची अट नाही. मुस्लिम, ख्रिश्चन, कुणीही या मार्गाने दत्तक घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात हा मार्ग सगळ्या धर्मांच्या लोकांना खुला असल्याचं सांगितलं. मूल अठरा वर्षांखालचं असलं तरी चालतं, म्हणजे ज्यांचं पंधरा उलटून गेलं त्यांनाही इथे वाट आहे. स्वतःला मुलगा असताना मुलगा घेता येत नाही ही अडचणही इथे नाही. एकट्या पुरुषाला मात्र या कायद्याखाली मुलगी दत्तक घेता येत नाही.

या कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. मोठा भाऊ किंवा मोठी बहीण यात नाही. चुलत-मावस नातीही नाहीत. आई-वडील गेल्यावर थोरल्या बहिणीने धाकट्या भावंडांना वाढवलं अशी घरं आपल्या पूर्व भागात कितीतरी आहेत. त्यांनी इथे वेळ घालवू नये, त्यांना तिसरा रस्ता आहे.

तिसरा रस्ता : पालकत्व. हे दत्तक नव्हे. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याने कोर्ट तुम्हाला मुलाचा पालक नेमतं. मुलाचं नाव, आडनाव, आई-वडील तेच राहतात, त्यांच्याकडचा वारसाहक्क तसाच राहतो, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की तुमचं पालकत्व संपतं. तुमच्या मालमत्तेत मुलाला आपोआप वाटा मिळत नाही, त्यासाठी मृत्युपत्र करावं लागतं.

लोक याला कमी समजतात. मला तसं वाटत नाही. वडील हयात आहेत, पुढे कधीतरी ते मुलाला नेतील अशी खरी शक्यता आहे, किंवा मूल सोळा-सतरा वर्षांचं आहे आणि त्याला स्वतःच्या बापाचं नाव सोडायचं नाही, तर पालकत्वच योग्य. दत्तक एकदा झालं की ते रद्द करता येत नाही. घेणाराही मागे फिरू शकत नाही आणि मूलही जन्मघरी परत जाऊ शकत नाही. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

३. मूल देणाऱ्याशी समोरासमोर बोला

कागदापेक्षा हा टप्पा जड आहे. मूल द्यायला आई आणि वडील दोघांची संमती लागते. एक वारलेला असेल तर हयात असणारा एकटा देऊ शकतो. बापाने दुसरं लग्न केलं असेल तर दुसऱ्या बायकोची कायद्याने संमती लागत नाही, ती मुलाची आई नव्हे.

आमच्या पाहुण्यांनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, दुसरं लग्न केलं होतं. अकरा वर्षांत ते वर्षातून एखाद्या वेळी यायचे, पोरीला फ्रॉक आणायचे. मी विषय काढला तेव्हा ते गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे आता मी तिचा कोणच नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने गेले त्यात. आमच्याकडे सातच होते.

म्हणून सांगते, वकिलाची नोटीस पाठवून सुरुवात करू नका. घरी बोलवा, एखादा दोघांनाही मान्य असलेला थोरला माणूस बसवा, आणि काय होणार ते नीट सांगा. दत्तक झाल्यावर मुलाचं नाव बदलेल, जन्मदात्या बापाचा वारस म्हणून ते पुढे राहणार नाही, पण आधीच मुलाच्या मालकीचं झालेलं (आईकडून आलेले दागिने, पैसे, जमिनीतला वाटा) ते मुलाचंच राहील. भेटीगाठींवर कायदा बंदी घालत नाही, ते तुमच्या दोन घरांनी ठरवायचं. आम्ही ठरवलं की दिवाळीला आणि बहिणीच्या वर्षश्राद्धाला पोरगी तिकडे जाईल. ते आजही चालू आहे.

सावध राहा : या बोलण्यात पैशाची गोष्ट येऊ देऊ नका. "तिचं सगळं आम्ही केलं, वर एवढं देतो" असं कुणी म्हणालं तरी थांबवा. दत्तकाच्या बदल्यात काहीही देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला कैदेची शिक्षा आहे.

मुलालाही विचारा. बाल न्याय कायद्याच्या मार्गात पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावीच लागते. हिंदू कायद्यात तशी अट नाही, तरी विचारा. आमच्या लेकीने दोन दिवस घेतले आणि मग एकच प्रश्न केला, "आईचं नाव पुसलं जाणार का?"

४. कागद गोळा करा

सगळ्याच्या दोन झेरॉक्स आणि मूळ प्रत वेगळ्या फाइलीत.

मुलाचा : जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, अलीकडचे फोटो.
देणाऱ्याचे : आधार, पत्त्याचा पुरावा, लग्नाचा पुरावा, वारलेल्या आई किंवा वडिलांचा मृत्यूदाखला.
घेणाऱ्यांचे : दोघांचे आधार आणि पॅन, विवाह नोंदणी दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, उत्पन्नाचा पुरावा.
नात्याचा पुरावा : दोन्ही बहिणींचे किंवा भावांचे शाळा सोडल्याचे दाखले, ज्यावर वडिलांचं नाव एकच दिसतं. हा कागद सगळ्यांना ऐनवेळी आठवतो.
मूल तुमच्याकडे राहतं याचा पुरावा : शाळेच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद.

जन्मदाखला जन्म जिथे झाला तिथे मिळतो, तुम्ही राहता तिथे नाही. बाळंतपण सोलापुरात झालं असेल तर महापालिकेत, बार्शी-पंढरपुरात झालं असेल तर तिथल्या नगरपरिषदेत, गावात झालं असेल तर ग्रामपंचायतीत. आमच्या लेकीचा जन्म बहिणीच्या सासरकडच्या गावचा, त्या दाखल्यासाठी तीन हेलपाटे झाले.

सावध राहा : "नवा जन्मदाखलाच काढून देतो, आई-बाप म्हणून तुमचंच नाव टाकतो" असं सांगणारे भेटतात. खोटी माहिती देऊन जन्मनोंद करणं गुन्हा आहे, आणि पुढे खरं दत्तक करायची वेळ आली की हाच कागद आडवा येतो.

५. दत्तकविधी आणि दत्तकपत्र (पहिल्या रस्त्यासाठी)

दत्तकाचा जीव कागदात नाही, देण्या-घेण्यात आहे. देणाऱ्याने मूल द्यायच्या हेतूने हाती सोपवणं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारणं, हे प्रत्यक्ष घडावं लागतं. होम करणं बंधनकारक नाही. आम्ही घरीच केलं. पाटावर बसलो, पाहुण्यांनी लेकीचा हात माझ्या आणि मिस्टरांच्या हातात दिला, गुरुजींनी दोन मंत्र म्हटले, पेढे वाटले. पंधरा-वीस माणसं होती. फोटो आणि व्हिडिओ काढले, आणि तुम्हीही काढाच, तारखेसह जपा.

मग दत्तकपत्र. त्यात हे आलं पाहिजे : दोन्ही बाजूंची पूर्ण नावं, वयं, पत्ते, मुलाचं जुनं नाव आणि नवं नाव, जन्मतारीख, देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं, विधी कुठल्या तारखेला कुठे झाला, घेणाऱ्याला त्या लिंगाचं हयात अपत्य नाही, पती-पत्नीची संमती, पैशाचा व्यवहार नाही. सही देणाऱ्याचीही हवी आणि घेणाऱ्याचीही. दोन साक्षीदार.

आता आमची चूक सांगते. लेक आली त्या वर्षी एका ओळखीच्याने आम्हाला स्टॅम्पपेपरवर काहीतरी लिहून नोटरी करून आणून दिलं होतं. मी ते अकरा वर्षं कपाटात साड्यांखाली जपलं. वकीलबाईंनी वाचलं आणि परत दिलं. त्यावर सही आमची आणि माझ्या आईची. मूल देणाऱ्या बापाची सहीच नव्हती. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दोघांच्या सह्या असलेलं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, तर दत्तक कायद्याप्रमाणेच झालं असं कोर्ट गृहीत धरतं, आणि ज्याला नाही म्हणायचं त्याने ते सिद्ध करायचं. नोटरीच्या कागदाला हे बळ नाही.

६. दुय्यम निबंधक कार्यालयात

मुद्रांक शुल्क किती ते स्टॅम्प घेण्याआधी त्याच कार्यालयात विचारून घ्या, दर बदलत असतात. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरावी लागते, ती वकील किंवा दस्तलेखक भरून देतो, पण नावांची अक्षरं तुम्ही स्वतः तपासा. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे.

देणारा, घेणारे दोघं आणि साक्षीदार सगळे एकाच दिवशी मूळ आधार घेऊन हवेत. फोटो आणि अंगठे तिथेच घेतात. देणारा बाहेरगावचा असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा.

७. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रस्त्याने जायचं असेल तर

बाल न्याय कायद्याच्या मार्गात केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्याकडे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, तिथली माणसं हे भरायला मदत करतात. जन्मदात्यांची संमती लागते, मूल कायदेशीर पालकाकडे असेल तर बालकल्याण समितीची परवानगी, आणि नातं व आर्थिक स्थिती सांगणारं तुमचं शपथपत्र. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला. म्हणून तुमचा अर्ज नेमका कुणापुढे जाणार ते बाल संरक्षण कक्षातच पहिल्या दिवशी विचारा. कुणा एजंटाचं ऐकू नका, या कामात एजंट लागत नाही.

पालकत्वाचा अर्ज मूल जिथे राहतं त्या भागातल्या कोर्टात करायचा. मूल तुमच्याकडे सोलापुरात राहत असेल तर सोलापुरातच, बापाचं गाव कुठलंही असो. फक्त मुलाच्या सांभाळाचं पालकत्व हवं असेल तर ते कुटुंब न्यायालयाकडे जातं, मालमत्तेचंही हवं असेल तर जिल्हा न्यायालयाकडे. जवळच्या नातेवाइकांना नोटीस निघते. मूल कळत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी बोलतात. मुलाला त्या दिवसासाठी पढवून नेऊ नका. खरं काय ते ते सांगेल, आणि मुलाचं हित हाच कोर्टाचा निकष आहे.

मुलाच्या नावावर शेत किंवा घर असेल त्यांनी हे लक्षात ठेवा : नुसतं सांभाळतो म्हणून काका-मामाला त्या मालमत्तेचा कसलाही व्यवहार करता येत नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा हे स्पष्ट सांगतो. कोर्टाने नेमलेल्या पालकालाही विकायला, गहाण टाकायला पुन्हा कोर्टाची परवानगी लागते. "पोरीच्या लग्नासाठीच विकतोय" हे कारण परवानगीशिवाय चालत नाही.

८. खर्च झेपत नसेल तर

न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. फोन १५१००. मी हे माहीत नसल्यामुळे आधीच्या एका सल्ल्याला पैसे घातले.

दत्तक न घेता नातेवाइकाचं मूल सांभाळणाऱ्यांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. विड्या वळून नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या आपल्या गावात आहेत, त्यांना हे सांगा, त्यांचा फॉर्म भरून द्या. दत्तक झाल्यावर मूल तुमचंच होतं, मग ही मदत राहत नाही.

९. दत्तकानंतर कागद याच क्रमाने बदला

आधी जन्मदाखला. नोंदणीकृत दत्तकपत्र (किंवा आदेश) घेऊन जिथे जन्माची नोंद आहे तिथेच अर्ज. तो हाती आल्यावर आधार. मग शाळेचं रजिस्टर, यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, शिक्षण विभागाची परवानगी लागते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर त्यातलं नाव बदलणं फार अवघड जातं, म्हणून दहावीच्या आधी. शेवटी रेशनकार्ड, बँक, विम्याचं नॉमिनेशन. क्रम उलटा केला तर प्रत्येक खिडकीवर आधीचा कागद मागतात.

जुनी कागदपत्रं फाडू नका. जातपडताळणीच्या वेळी जन्मदात्या वडिलांकडचे पुरावे मागितले जाऊ शकतात, म्हणून त्यांच्या शाळेच्या दाखल्याची आणि जातीच्या दाखल्याची प्रत आत्ताच, संबंध चांगले असताना मागून ठेवा. मुलाचा जुना जन्मदाखलाही ठेवा. आमच्या फाइलीत तो सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. लेकीनेच तो तिथे ठेवला, कारण त्यावर आई म्हणून माझ्या बहिणीचं नाव आहे.